टी-रेक्स आधी ऐकू येतो, मग दिसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९४ साली तुम्ही दहा वर्षांचे होतात. हिंदीत डब झालेला ‘ज्युरासिक पार्क’, म्हणजे बेटावरच्या जिवंत डायनोसॉरांच्या उद्यानाचा तो चित्रपट, थिएटरात पाहिलात आणि पुढे कितीतरी रात्री अंधारात एकट्याने मोरीपर्यंत जायची हिंमत झाली नाही. आता मुलगा नऊ वर्षांचा झालाय, म्हणून मोठ्या हौसेने त्याला तोच चित्रपट लॅपटॉपवर दाखवलात. त्याला गंमत वाटली, भीती अजिबात नाही. तुम्हालाही नाही. वर विज्ञानाच्या चुका खटकत राहिल्या. तर चित्रपट जुना झाला, की आपण मोठे झालो?

मी बावीस वर्षं मुंबईत साउंड एडिटिंगचं काम करते, त्यामुळे मी त्याच अंगाने सांगणार. मला वाटतं, दोन्ही नाही. तुम्ही दोघांनी चित्रपट पाहिलात, पण तो तुम्हाला ऐकू आलाच नाही. आणि या चित्रपटातली भीती जवळजवळ सगळी आवाजात ठेवलेली आहे.

पाण्याच्या ग्लासाचा प्रसंग घ्या, कारण तो सगळ्यांना आठवतो. रात्र आहे, पाऊस आहे, वीज गेल्यामुळे पाहुण्यांच्या दोन्ही गाड्या टी-रेक्सच्या विजेच्या कुंपणाशेजारी थांबल्यात. पुढच्या गाडीत दोन मुलं आणि तो वकील. डॅशबोर्डवर पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास. एक हादरा येतो. पाण्यावर गोल तरंग उठतात, मधोमधून कडेला जातात, विरतात. पुन्हा हादरा, पुन्हा तरंग. वकील म्हणतो, वीज परत येत असेल. त्याचं त्यालाच ते पटत नाही, हे आवाजावरून कळतं.

हा प्रसंग सुचला कसा, ते ऐका. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग गाडीत मोठ्याने गाणी ऐकत चालला होता आणि बेसच्या ठोक्याबरोबर आरसा थरथरताना त्याला दिसला. त्याने स्पेशल इफेक्ट्सवाल्या मायकल लँटिएरीला सांगितलं, मला असं काहीतरी हवं. आरसा हलवणं सोपं होतं, पण पाण्यावर एकाच केंद्रातून निघणारे नीट गोल तरंग काही केल्या येईनात. शेवटी लँटिएरीने ग्लास गिटारवर ठेवून तारा छेडून पाहिल्या, तेव्हा नेमका हवा तो तरंग मिळाला. मग सेटवर डॅशबोर्डखालून गिटारची तार ताणली आणि ती छेडली. म्हणजे ज्या दृश्याची आठवण आपण तीस वर्षं जपली, ते दृश्य मुळात आवाजाचं चित्र आहे. खाली कुणीतरी एक सूर वाजवतंय आणि आपण तो डोळ्यांनी पाहतोय.

आता लॅपटॉपचं सांगते. टी-रेक्सच्या पावलांचा तो धमाका खालच्या पट्टीतला आहे. गॅरी रायडस्ट्रॉम या साउंड डिझायनरने त्यासाठी सिकोयाची महाकाय झाडं तोडल्यावर जमिनीवर कोसळतानाचा आवाज वापरला. वीस ते साठ हर्ट्झच्या टप्प्यातला आवाज कानाला कमी कळतो आणि छातीला जास्त कळतो. लॅपटॉपच्या स्पीकरमधून साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही बाहेरच पडत नाही. टीव्हीचे पातळ स्पीकर थोडे बरे, पण फार नाही. म्हणजे तुमच्या मुलाने ग्लासातले तरंग पाहिले, ते ज्याच्यामुळे उठले ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. त्याच्या दृष्टीने पाणी उगाचच हललं. त्यात भिण्यासारखं काय आहे?

त्या प्रसंगात आणखी काय नाही, ते पुढच्या वेळी लक्ष देऊन ऐका: संगीत नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी आहे, त्याची धून जगभर लोक आजही गुणगुणतात, आणि चित्रपटातल्या सगळ्यात मोठ्या प्रसंगात एक व्हायोलिनसुद्धा वाजत नाही. पाऊस, काचेवरचं पाणी, मुलांचे श्वास. टी-रेक्ससाठी बांधलेली शेळी गायब झालेली असते, मग गाडीच्या काचेच्या छतावर तिची तंगडी धप्पकन पडते. कुंपणाच्या तारेवर नखं टेकतात. मग एकेक तार तुटते, आणि तुटताना जो टणत्कार होतो, त्यातून कळतं की तारा किती ताणलेल्या होत्या आणि आता मधे काहीच उरलेलं नाही. संगीत लागलं असतं, तर आपल्याला निदान आता काय वाटून घ्यायचं ते कळलं असतं. तेवढाही आधार दिलेला नाही.

मी हा प्रसंग पहिल्यांदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, पत्र्याचं छप्पर असलेल्या एका थिएटरात पाहिला. चौदा वर्षांची होते. भिंतीवरचे मोठाले पंखे सबंध चित्रपटभर घरघरत होते आणि संवाद अर्धे त्यातच बुडत होते. पण हा प्रसंग आला तेव्हा मला पंखे ऐकू येईनासे झाले. ते चालूच होते. आपला कान धोका शोधायला लागला की नको ते बाजूला सारतो, हे मी पुढे कामात शिकले. पण कळलं मात्र त्या दिवशी, लाकडी खुर्चीच्या कडेवर बसून.

हा चित्रपट १२७ मिनिटांचा आहे. त्यात डायनोसॉर पडद्यावर दिसतात ते जेमतेम १५ मिनिटं, आणि त्यातलीही संगणकावर केलेली दृश्यं सहाएक मिनिटांची. बाकीचं काम स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी बांधलेल्या यांत्रिक प्राण्यांचं. चाळीसेक फूट लांबीचा त्यांचा टी-रेक्स खोट्या पावसात भिजला की त्याची कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि अख्खं यंत्र थरथरायला लागायचं. दोन शॉटच्या मधे माणसं टॉवेल घेऊन त्याला टिपत बसायची. आजच्या चित्रपटांतले डायनोसॉर संख्येने कितीतरी जास्त आणि दिवसाउजेडी दिसणारे असतात, तरी मनात राहत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. मला त्याचं कारण या १५ मिनिटांत दिसतं. उरलेल्या वेळात आपण त्यांची वाट पाहत असतो, आणि वाट माणूस कानांनी पाहतो. दार वाजलं का, जिन्यात पाऊल वाजलं का, तसं.

आवाज तयार कसे केले, हे मुलाला जरूर सांगा. भीती मुळीच कमी होत नाही, उलट मुलं पुन्हा ऐकायला धावतात. टी-रेक्सच्या गर्जनेत मुख्य आवाज हत्तीच्या पिल्लाचा आहे. मोठ्या हत्तीचा नव्हे. त्यात वाघ आणि मगर मिसळलीय. पिल्लाची चिरकी हाक संथ केली की ती खाली उतरते, पण तिच्यातला पिल्लाचा आकांत जात नाही. म्हणूनच ती गर्जना ऐकताना अंगावर काटा येतो आणि का आला ते सांगता येत नाही. टी-रेक्सच्या श्वासात देवमाशाचा उच्छ्वास आहे. तो गॅलिमायमस हा शहामृगासारखा डायनोसॉर तोंडात धरून झटकतो, तो आवाज रायडस्ट्रॉमच्या घरच्या छोट्या कुत्र्याचा, दोरीचं खेळणं दातात धरून खेळतानाचा. रॅप्टर हे शिकारी डायनोसॉर एकमेकांना जे भुंकल्यासारखं बोलावतात, ते मीलनाच्या वेळची कासवं. लांब मानेच्या ब्रॅकिओसॉरसच्या गाण्यात संथ केलेलं गाढवाचं ओरडणं आहे. आजारी, तीन शिंगांच्या ट्रायसेराटॉप्सचा श्वास म्हणजे गाई, आणि पुठ्ठ्याच्या नळीतून श्वास घेणारा स्वतः रायडस्ट्रॉम.

या शेवटच्यावर मी जरा रेंगाळते, कारण ते मी करून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका भयपटासाठी मला झोपलेल्या जनावराचा श्वास हवा होता. लायब्ररीतले शंभर आवाज लावून पाहिले, सगळे पोकळ. शेवटी पहाटे चारला गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात गेले. भैयाने एक गाभण म्हैस दाखवली, म्हणाला ही शांत आहे. मी तिच्या तोंडाजवळ माइक धरून शेणाच्या वासात उकिडवी बसले. आधी ती रवंथ करत होती, तो दातांचा ओला आवाज मधे मधे येत होता. मग थांबली. आणि एक लांब श्वास सोडला. हेडफोनमध्ये तो श्वास सुरू झाला आणि संपेचना. आधी हवा, मग नाकपुडीची फडफड, मग पार आतून, पोटातून आल्यासारखी घरघर, आणि शेवटी माइकच्या केसाळ टोपीवर उडालेले थेंब. माझ्या मागे रस्त्यावर पहिली बस गेली तेव्हा मी भानावर आले. तो एक श्वास मी त्या चित्रपटात नऊ ठिकाणी वापरला. त्या पहाटेनंतर ट्रायसेराटॉप्सच्या पोटावर डोकं टेकून जीवाश्मांचा अभ्यासक डॉ. ग्रँट वर-खाली होत असतो, तो प्रसंग मी कोरड्या डोळ्यांनी पाहू शकलेले नाही. रबराचा प्राणी आहे, हे मला माहीत आहे. पण श्वास खरा आहे.

आता तुमचा दुसरा मुद्दा, ‘आपण मोठे झालो’. हो, झालो. पण त्यामुळे भीती गेलेली नाही, तिने फक्त जागा बदललीय. १९९४ मध्ये मी त्या मुलांबरोबर गाडीत बसले होते. आता मी डॉ. ग्रँटबरोबर मागच्या गाडीत असते आणि काचेतून पुढच्या गाडीकडे पाहत असते, ज्या गाडीतला एकमेव मोठा माणूस मुलांना टाकून पळून गेलाय. ती मुलगी घाबरून टॉर्च लावते. चौदाव्या वर्षी वाटलं होतं, विझव ना. आता तोंडातून तेच शब्द येतात, फक्त आईच्या आवाजात.

त्यानंतरचा झाडावरचा प्रसंग लहानपणी मला आठवतही नव्हता. सुरुवातीला मुलांचा तिटकारा असलेला हा ग्रँट दोन मुलांना दोन्ही बाजूंना घेऊन फांदीवर बसलाय. मुलगी विचारते, आपण झोपल्यावर डायनोसॉर आला तर? तो म्हणतो, मी जागा राहीन. रात्रभर? रात्रभर. मग मुलं डोळे मिटतात. मघाशी त्याला खिशातलं काहीतरी टोचलेलं असतं. रॅप्टरच्या नखाचं जीवाश्म. सुरुवातीला याच नखाने त्याने एका आगाऊ पोराला भेदरवून सोडलं होतं. ते तो हातात घेऊन बघतो आणि खाली टाकून देतो. दूरवर ब्रॅकिओसॉरस गात असतात. मूल कुशीत झोपवलेल्या माणसाला हा प्रसंग वेगळा ऐकू येतो. तुम्ही लॅपटॉपवरही हा प्रसंग पुन्हा पाहा, याला सबवूफर, म्हणजे खालचे आवाज काढणारा वेगळा स्पीकर, लागत नाही.

आणि हॅमंड, हे पार्क उभारणारा म्हातारा. ती भूमिका रिचर्ड अ‍ॅटनबरोने केलीय, म्हणजे १९८२ च्या ‘गांधी’चा दिग्दर्शक. लहानपणी मला तो नाताळातल्या आजोबांसारखा वाटला होता. आता ऐकताना लक्षात येतं की ‘खर्चात कसूर केली नाही’ हे तो पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि अख्ख्या बेटाची संगणकयंत्रणा ज्या एका माणसाच्या हातात आहे, त्याच्याशी पैशावरून त्याचं वाजलेलं असतं. आइस्क्रीम उत्तम, पण कुंपणाची किल्ली नाराज माणसाकडे. बावीस वर्षं निर्मात्यांबरोबर काम केल्यावर हे वाक्य मला डायनोसॉरपेक्षा जास्त ओळखीचं वाटतं. वीज गेल्यावर तो एकटाच जेवणघरात बसून आइस्क्रीम खातो, कारण ते सगळं वितळायला लागलेलं असतं, ती त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची पडझड दहाव्या वर्षी कुणाला दिसणार?

विज्ञानाबद्दल तुम्ही बरंच लिहिलंत, मी झटपट सांगते. खरं आहे: खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला आणि टर्की पक्ष्याएवढा होता, आणि त्याच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७ साली सापडल्या. डायलोफोसॉरसची मानेभोवतीची झालर आणि विष ही कल्पना. टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स ज्युरासिक काळातले नव्हेतच, त्यानंतरच्या क्रेटेशियस काळातले. न हलणारा माणूस टी-रेक्सला दिसत नाही, हेही चुकीचं, त्याची नजर तीक्ष्ण होती. पण पिसांचे ठसे असलेला चीनमधला डायनोसॉर जगापुढे आला १९९६ मध्ये, चित्रपट १९९३ चा. शिवाय डायनोसॉर पक्ष्यांचे पूर्वज आहेत, हे चित्रपट सुरुवातीलाच सांगतो आणि शेवटी हेलिकॉप्टरच्या खिडकीतून उडणारे पेलिकन दाखवून पुन्हा सांगतो. त्या काळी आपल्यातल्या किती जणांना हे शाळेत शिकवलं होतं?

माझ्या कामाशी लागून असलेलं एक संशोधन मात्र मला फार आवडतं. २०१६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं की कबुतर, शहामृग हे पक्षी आणि मगरी तोंड मिटून, गळा फुगवून खोल घुमणारा आवाज काढतात, आणि डायनोसॉरांपैकीही काही जण तसाच आवाज काढत असण्याची शक्यता आहे. तसं असेल, तर तोंड वासून गर्जणारा टी-रेक्स खोटा, पण त्याच्या येण्याने थरथरणारं पाणी खऱ्याच्या पुष्कळ जवळ जातं. जंगलात तो ऐकू येण्याआधी जाणवला असता.

मुलाला डायनोसॉरचं वेड लागलंच असेल, तर ट्रायसेराटॉप्सच्या शेणाच्या ढिगात ग्रँटची सहकारी डॉ. एली हात घालते, तिथे चित्रपट थांबवून त्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याबद्दल सांगा. तिथे डायनोसॉरच्या विष्ठेची जीवाश्मं सापडतात. २००५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, असं तोवर मानलं जायचं. महाराष्ट्रातल्या एका गावच्या शेणाने ते बदललं. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने चित्रपट तिथेच सोडून नकाशा काढला.

चित्रपटात दोष आहेत, आणि मला प्रिय असला तरी ते मी झाकणार नाही. टी-रेक्स ज्या कुंपणातून सपाट जमिनीवरून चालत बाहेर येतो, त्याच कुंपणापलीकडे दहा मिनिटांनी खोल दरी असते. आणि शेवटी पाहुण्यांच्या इमारतीत तो अचानक उगवतो, तेव्हा एकही पाऊल वाजत नाही. ज्याच्या चालण्याने मैलभर आधी पाणी थरथरत होतं, तो दारातून आत येईपर्यंत कुणाला कळत नाही. ध्वनीचं काम करणाऱ्या माणसाला हे खुपतं. पण तिथे विल्यम्सचं संगीत पूर्ण ताकदीने परत येतं, आणि त्या क्षणापुरता टी-रेक्स आपला होतो. मघाशी संगीत काढून घेऊन ज्याची भीती घातली, त्यालाच आता तुतारीने सलामी दिली जाते. कानांना दिलेला हा न्याय मला पटतो, म्हणून मी ती चूक माफ केलीय.

तर आता करायचं काय? पुन्हा दाखवा, पण एखाद्या महिन्याने. लॅपटॉप नको. टीव्हीला साधा साउंडबार आणि वेगळा सबवूफर जोडता आला तर उत्तम, मित्राकडे असेल तर त्याच्याकडे जा. तेही नसेल, तर दोघांसाठी दोन चांगले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज आपोआप समान ठेवणारा पर्याय किंवा ‘नाइट मोड’ असतो, तो बंद करा. तो कुजबुज मोठी करतो आणि गर्जना लहान करतो, म्हणजे रायडस्ट्रॉमने केलेलं काम उलटं फिरवतो. आवाज ठेवताना सुरुवातीचे संवाद जेमतेम ऐकू येतील इतकाच ठेवा आणि मग रिमोटला हात लावू नका.

भाषा कोणती, हेही तुम्ही विचारलंय. तुमची आठवण हिंदीची आहे, तिचा मोह मी समजू शकते, माझीही तीच आहे. डबिंगला संवाद वगळून बाकीच्या आवाजांचा वेगळा ट्रॅक येतो, त्यामुळे गर्जना आणि पाऊस हिंदीतही तेच असतात. पण पात्रांचे श्वास, हुंदके, दबलेले आवाज संवादांबरोबर जातात आणि ते स्टुडिओत नव्याने करावे लागतात. मी स्वतः डबिंगच्या कामात पाहिलंय, घाईत पहिला बळी श्वासाचा जातो. स्वयंपाकघरात दोन रॅप्टर शिरतात तेव्हा सगळं काही त्या दोन मुलांच्या श्वासावर आणि फरशीवर टकटकणाऱ्या नखावर आहे. म्हणून मूळ इंग्रजी लावा, खाली सबटायटल असू द्यात. नऊ वर्षांचा मुलगा वाचेल.

घाबरला तर घाबरू द्या, शेजारी मात्र बसा, आणि पुढे काय होतं ते आधी सांगू नका. दिवे घालवा. गाड्या थांबल्या आणि पाऊस सुरू झाला की उठून पंखा बंद करा.